गोळी तीच, गुण वेगळा!
औषध-जनुकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाची वाट कुठून सुरू होते?

व्यक्ती तितक्या प्रकृती, हे आपल्याकडे घराघरांतल्या आजीबाई सांगत आल्या आहेत. एकाच गोळीनं एकाला उतार पडतो, दुसऱ्याच्या अंगावर पुरळ उठतं आणि तिसऱ्याला काहीच फरक जाणवत नाही. ‘त्याला ते औषध मानवलं नाही’ एवढं म्हणून घरची मंडळी विषय संपवतात. डॉक्टरही गोळी बदलून देतात. पण औषध का मानवलं नाही, याचं उत्तर माणसाच्या जनुकांत शोधणारी एक स्वतंत्र विद्याशाखा गेल्या काही दशकांत उभी राहिली आहे. तिचं नाव फार्माकोजिनॉमिक्स. मराठीत सांगायचं तर औषध-जनुकशास्त्र.

बी.फार्म., बी.एस्सी. किंवा एम.बी.बी.एस. झालेल्या अनेक मुलामुलींना हा विषय खुणावतो. अडचण पुढे येते. या नावाची पदवी आपल्याकडच्या विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत शोधायला जावं, तर ती सहसा सापडत नाही. सापडते ती परदेशात, नाही तर एखाद्या खासगी वर्गाच्या चार-सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर. मग घरात खल सुरू होतो. कर्ज काढून परदेशी पाठवायचं? की इथंच दुसऱ्या नावाच्या पदवीला प्रवेश घ्यायचा? निर्णय चुकला तर मुलाची उमेदीची दोन वर्षं आणि आईबापांची पुंजी, दोन्ही वाया जाण्याची भीती असते. म्हणूनच अर्ज भरण्याआधी ही वाट नीट पाहून घेतलेली बरी.

हे शास्त्र आहे तरी काय?

आपण घेतलेली बहुतेक औषधं यकृतातल्या एन्झाइम्सच्या हाती पडतात. ही एन्झाइम्स काही औषधांचा निचरा करतात, तर काही औषधांना कामाला लावतात. ती कशी बनतील हे जनुकं ठरवतात. जनुकात बारीकसा फरक असला, तर एन्झाइम मंद पडतं किंवा फाजील वेगानं काम करतं.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर किंवा स्टेंट बसवल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलं जाणारं क्लोपिडोग्रेल हे औषध पाहा. गोळी पोटात गेली तरी ती आपणहून काम करत नाही. यकृतातल्या सीवायपी२सी१९ या एन्झाइमनं तिचं रूपांतर केलं, की मगच तिचा गुण येतो. ज्यांच्यात हे एन्झाइम दुबळं, त्यांनी गोळी नेमानं घेऊनही संरक्षण अपुरंच मिळतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्च २०१० मध्ये या औषधाच्या वेष्टनावर तसा ठळक इशारा छापायला लावला. दक्षिण आशियाई लोकांत हा दोष युरोपीय लोकांपेक्षा बराच जास्त आढळतो. म्हणजे हा प्रश्न आपल्या घरातला आहे.

कोडीन या औषधाची गोष्ट उलटी. काहींच्या शरीरात त्याचं मॉर्फिनमध्ये रूपांतर फार झपाट्यानं होतं. टॉन्सिल्सच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक म्हणून कोडीन दिलेली काही मुलं श्वास मंदावून दगावली. त्यानंतर अमेरिकेत २०१३ मध्ये या वापराविरुद्ध कडक इशारा आला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देण्यावर बंदीच आली.

या विषयाचं मूळ मात्र जुनं आहे. मलेरियावरच्या प्रायमाक्विन गोळीनं काही रुग्णांच्या तांबड्या रक्तपेशी का फुटतात, याचं कारण अमेरिकन संशोधकांनी १९५६ मध्ये शोधलं. त्या रुग्णांत जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी होतं. पुढे १९५९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश फोगेल यांनी ‘फार्माकोजेनेटिक्स’ हा शब्द दिला. २००३ मध्ये मानवी जनुकसंचाचा आराखडा पूर्ण झाला. त्यानंतर एकेका जनुकाऐवजी सगळा जनुकसंच एकत्र पाहणं शक्य झालं, आणि ‘फार्माकोजिनॉमिक्स’ हे नाव रूढ झालं.

आपल्या देशाला त्याची गरज का?

आपल्याकडे शेकडो वर्षं लग्नं जातीतल्या जातीत, पोटजातीतल्या पोटजातीत होत आली. त्यामुळे काही जनुकीय फरक विशिष्ट समाजांत साठत गेले. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजाचं उदाहरण या क्षेत्रात नेहमी दिलं जातं. या समाजातल्या काही लोकांत भुलीच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी दिलेल्या सक्सिनिलकोलीन या औषधाचा निचरा करणारं एन्झाइम फार कमी असतं. काही मिनिटांत ओसरायला हवा तो परिणाम तासन्‌तास टिकतो आणि रुग्णाला तेवढा वेळ कृत्रिम श्वासावर ठेवावं लागतं. तिथले भूलतज्ज्ञ हे जाणून असतात. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतले शास्त्रज्ञ के. थंगराज आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या अशा समाजांवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही वैश्य समाजाचा दाखला होता.

पारशी समाजात जी६पीडीची कमतरता इतर समाजांपेक्षा जास्त आढळते. त्यामुळे मलेरिया झालेल्या पारशी रुग्णाला प्रायमाक्विन देताना डॉक्टर आधी रक्ततपासणी करून घेतात. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडची कथाही आपल्या मातीतली आहे. हे औषध शरीरातून हळू बाहेर टाकणारे आणि लवकर बाहेर टाकणारे असे माणसांचे दोन गट असतात. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्रात या गटांवर पायाभूत काम झालं. हळू निचरा करणाऱ्यांना हातापायांत मुंग्या येण्याचा त्रास अधिक होतो, आणि त्यावर ‘ब’ जीवनसत्त्वाची गोळी उपयोगी पडते.

फिट्सवरच्या कार्बामाझेपीन या गोळीचं उदाहरण सर्वांत भीतीदायक. एचएलए-बी*१५:०२ हा जनुकप्रकार असलेल्या काही जणांची कातडी या गोळीनं भाजल्यासारखी सुटते. तैवानच्या संशोधकांनी २००४ मध्ये हा संबंध दाखवला. डिसेंबर २००७ पासून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं आशियाई वंशाच्या रुग्णांची गोळी सुरू करण्याआधी तपासणी करण्याचा सल्ला दिला. रक्ताच्या कर्करोगानं आजारी मुलांना दिलं जाणारं मर्कॅप्टोप्युरीन कुणाला जड जाईल, हे युरोपीय मुलांत बहुधा टीपीएमटी या जनुकावरून कळतं. आशियाई मुलांत एनयूडीटी१५ हे जनुक अधिक महत्त्वाचं असल्याचं २०१४ नंतर स्पष्ट झालं. परदेशी पुस्तकातला नियम जसाच्या तसा उचलून चालत नाही, तो यासाठी.

हे काम करायला आता देशी साधनही हाती आलं आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पात ऐंशीहून अधिक लोकसमूहांतल्या सुमारे दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले. ही माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवली असून, जानेवारी २०२५ मध्ये ती संशोधकांसाठी खुली झाली. माहितीचा हा डोंगर फोडायला माणसं हवी आहेत. ती तयार होणार कुठे, हा खरा प्रश्न.

पाटी वेगळी, विषय तोच

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडे फार्माकोजिनॉमिक्स हा विषय बहुधा दुसऱ्या पदवीच्या पोटात शिकवला जातो. फार्माकॉलॉजी, फार्मसी प्रॅक्टिस, बायोटेक्नॉलॉजी, मानवी जनुकशास्त्र, बायोइन्फर्मेटिक्स किंवा क्लिनिकल फार्माकॉलॉजी अशा पाट्या दारावर असतात. आत प्रबंधाचा विषय औषध-जनुकशास्त्राचा निवडता येतो. पदवीचं नाव काय, यापेक्षा मार्गदर्शक कोण आणि प्रयोगशाळा कशी, हे पाहणं म्हणून महत्त्वाचं.

फार्मसीचं दार : बी.फार्म. झालेल्यांसाठी पहिली पायरी जीपॅट परीक्षेची. पूर्वी ती एआयसीटीई आणि नंतर एनटीए घेत असे. २०२४ पासून ती वैद्यकीय परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय मंडळाकडे आहे. तीन तास, १२५ प्रश्न, ५०० गुण. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलं तर एक वजा. गुण तीन वर्षं ग्राह्य धरले जातात. शेवटच्या वर्षाला बसलेले विद्यार्थीही परीक्षा देऊ शकतात. जीपॅट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त कॉलेजात एम.फार्म.ला प्रवेश मिळाला, की दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनासाठी अर्ज करता येतो. एम.फार्म. फार्माकॉलॉजीच्या देशभरच्या अभ्यासक्रमात पेशी व रेणू पातळीवरच्या औषधशास्त्राच्या विषयात फार्माकोजिनॉमिक्सचा समावेश आहे.

फार्मसीतली नावाजलेली केंद्रं म्हणजे ‘नायपर’. मोहालीची मूळ संस्था आणि अहमदाबाद, गुवाहाटी, हाजीपूर, हैदराबाद, कोलकाता, रायबरेली अशा सात ठिकाणी एम.एस. (फार्म.) ही दोन वर्षांची पदवी मिळते. त्यासाठी ‘नायपर जेईई’ ही वेगळी परीक्षा असते, आणि बी.फार्म.च्या उमेदवाराजवळ जीपॅटची पात्रता असावी लागते. नुसत्या जीपॅटवर थांबणाऱ्या मुलांच्या हातून हा अर्ज अनेकदा निसटतो. फार्माकॉलॉजी व विषशास्त्र, बायोटेक्नॉलॉजी आणि मोहालीतली फार्माकोइन्फर्मेटिक्स या शाखा या विषयाला सर्वांत जवळच्या.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, कालिन्याचं बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी, पुण्याचं पूना कॉलेज ऑफ फार्मसी ही नावं परिचयाची असतातच. इथंही विभागात जाऊन आधी विचारावं, की जनुकीय तपासणीवर प्रबंध करणारं कुणी आहे का.

२००८ मध्ये आपल्याकडे सुरू झालेल्या सहा वर्षांच्या फार्म.डी. अभ्यासक्रमातले विद्यार्थी रुग्णालयातच घडतात. रुग्णाच्या खाटेपाशी औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्याची त्यांना सवय असते. या विषयात ती मोठी जमेची बाजू ठरते.

जीवशास्त्राचं दार : बी.एस्सी. झालेल्यांसाठी तीन परीक्षा ध्यानात ठेवण्यासारख्या. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं चालणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी ‘गॅट-बी’, आयआयटींमधल्या एम.एस्सी.साठी ‘जॅम’चा बायोटेक्नॉलॉजी पेपर, आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सुरू झालेली ‘सीयूईटी-पीजी’. गॅट-बीतून प्रवेश मिळाला तर विद्यावेतनही मिळतं.

डॉक्टरांचं दार : एम.बी.बी.एस. नंतर नीट-पीजी देऊन एम.डी. फार्माकॉलॉजी आणि त्यापुढे डी.एम. क्लिनिकल फार्माकॉलॉजी, असा प्रत्येकी तीन वर्षांचा मार्ग आहे. एम्स, चंडीगडची पीजीआय, पुद्दुचेरीची जिपमर यांची सामायिक प्रवेशपरीक्षा नीट-पीजीहून वेगळी असते. जिपमरच्या फार्माकॉलॉजी विभागानं दक्षिण भारतीयांतल्या औषध-जनुकसंबंधांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मुंबईत केईएम रुग्णालयात क्लिनिकल फार्माकॉलॉजीची जुनी परंपरा आहे. ‘पेशंट न पाहणारी शाखा’ म्हणून फार्माकॉलॉजीला नाक मुरडण्याची पद्धत आहे, पण रुग्ण आणि जनुक यांची सांगड घालणारा डॉक्टर दुर्मिळ असतो.

संगणकाचं दार : गणित, संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकलेल्यांनाही इथं मज्जाव नाही. बायोइन्फर्मेटिक्सची पदव्युत्तर पदवी त्यांच्यासाठी पूल ठरते. पुणे विद्यापीठात या विषयाचं शिक्षण फार पूर्वीपासून मिळतं. एका माणसाच्या जनुकसंचात तीन अब्ज अक्षरं असतात. ती वाचणं यंत्राचं काम आहे, त्यांचा अर्थ लावणं यांचं.

थेट पीएच.डी.चं काय?

पदव्युत्तर पदवीनंतर खरं संशोधन पीएच.डी.त होतं. दिल्लीची आयजीआयबी आणि हैदराबादची सीसीएमबी या संस्थांत त्यासाठी सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून फेलोशिप मिळवणं हा राजमार्ग. ही परीक्षा जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोन वेळा असते. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाचं विद्यावेतन दरमहा ३७,००० रुपये आहे. वर घरभाडं भत्ता मिळतो तो वेगळा. कर्करोगाच्या औषधांत रस असेल, तर खारघरचं टाटा मेमोरियल सेंटरचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे संशोधन केंद्र जवळ आहे. मध्यमवर्गीय घरासाठी यातली महत्त्वाची गोष्ट ही, की इथं शिकण्यासाठी कर्ज काढावं लागत नाही. उलट थोडे पैसे घरी पाठवता येतात.

मुलाखतीत काय पाहतात?

लेखी परीक्षेचे गुण तुम्हाला मुलाखतीच्या दारापर्यंत नेतात. आत गेल्यावर पाठांतर फार काळ टिकत नाही. ‘क्लोपिडोग्रेल घेऊनही रुग्णाला पुन्हा झटका आला, तर तुम्ही काय काय तपासाल?’ अशा प्रश्नाला ‘जनुक तपासू’ एवढंच उत्तर देणारा उमेदवार कच्चा समजला जातो. रुग्णानं गोळ्या नियमित घेतल्या का, सोबत दुसरं कुठलं औषध चालू होतं, मधुमेह आहे का, हे आधी विचारणारा पुढे जातो.

या शास्त्रातले वादही माहीत असावेत. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा डोस जनुक पाहून ठरवावा का, यावर २०१३ मध्ये दोन मोठे अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. युरोपातल्या अभ्यासात फायदा दिसला. अमेरिकेतल्या अभ्यासात तो दिसला नाही, आणि तिथल्या कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत तर जनुकावर आधारलेली पद्धत कमी पडली. असं का झालं असावं, यावर पाच मिनिटं बोलता आलं तर समोरची मंडळी सावरून बसतात. दुसऱ्या बाजूला, युरोपातल्या सात देशांत सुमारे सात हजार रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा जनुकं आधी तपासून औषध दिल्यास त्रासदायक दुष्परिणाम सुमारे ३० टक्क्यांनी घटतात, असं त्यात आढळलं.

तयारीसाठी चार गोष्टी हाताशी असाव्यात. एक, संख्याशास्त्राची नीट ओळख. दोन, आर किंवा पायथन यांपैकी एका संगणकीय भाषेत थोडंफार काम. तीन, पदवीच्या शेवटच्या वर्षातला स्वतःच्या हातानं केलेला प्रकल्प, मग तो दुष्परिणामांच्या नोंदींचा का असेना. आणि चार, आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांचं वाचन. जनुकाची माहिती रुग्णापुरती राहत नाही. ती त्याच्या भावंडांविषयी आणि मुलांविषयीही काही सांगून जाते. रुग्णाची संमती कशी घ्यायची, हा प्रश्न मुलाखतीत हमखास निघतो.

परदेशी जायचं तर

फार्माकोजिनॉमिक्स याच नावाची पदवी अमेरिकेत आहे. इंडियाना राज्यातल्या मँचेस्टर विद्यापीठानं २०१६ च्या सुमारास या विषयाची स्वतंत्र एम.एस. सुरू केली, तेव्हा तिचा बराच बोलबाला झाला. ब्रिटनमध्ये हा विषय बहुधा ‘जिनोमिक मेडिसिन’ या एक वर्षाच्या एम.एस्सी.त येतो, लंडनचं इंपीरियल कॉलेज त्यांपैकी एक. लिव्हरपूल विद्यापीठात सर मुनीर पीरमोहम्मद यांच्या नेतृत्वाखाली औषध-जनुकशास्त्राचं जगन्मान्य केंद्र उभं राहिलं आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाचा फार्मसी विभागही या विषयासाठी ओळखला जातो.

अर्जाची तयारी निदान वर्षभर आधी सुरू करावी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या वर्गासाठी अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांची मुदत आधीच्या डिसेंबर ते फेब्रुवारीत संपते. टोफेल किंवा आयईएलटीएस लागतेच. जीआरई अनेक ठिकाणी आता ऐच्छिक झाली आहे, पण प्रत्येक विद्यापीठाचा नियम पाहायला हवा. गुणपत्रकं विद्यापीठाकडून मोहोरबंद करून घेण्यात कधी कधी महिने जातात. शिफारसपत्रं देणाऱ्या प्राध्यापकांनाही पुरेसा वेळ द्यावा. ‘ही विद्यार्थिनी हुशार व मेहनती आहे’ या ठरावीक पत्राचा उपयोग नसतो. तिनं प्रयोगशाळेत नेमकं काय केलं, हे सांगणारं पत्र वजन टाकतं.

एक खाचखळगा बी.एस्सी.वाल्यांसाठी. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात. बी.फार्म. चार वर्षांची असल्यानं तिथं अडचण येत नाही. तीन वर्षांची बी.एस्सी. झालेल्यांनी मात्र अर्जाचं शुल्क भरण्याआधी विद्यापीठाला लिहून विचारावं, नाही तर आधी इथं एम.एस्सी. पूर्ण करावी.

‘मला लहानपणापासून लोकांची सेवा करायची होती’ अशी सुरुवात केलेली निवेदनं निवड समितीनं ढीगभर वाचलेली असतात. त्याऐवजी आपल्या गावातल्या, आपल्या रुग्णालयातल्या एखाद्या औषधाचा नेमका प्रश्न मांडावा आणि तो त्याच विद्यापीठात का सोडवता येईल ते लिहावं. तिथल्या कोणत्या प्राध्यापकाचं काम आपण वाचलं आहे, याचा उल्लेख असेल तर उत्तम. एजंटाकडून पैसे देऊन लिहवून घेतलेलं निवेदन वाचताक्षणी ओळखू येतं.

पैशांचं गणित

परदेशात एम.एस. आणि पीएच.डी. यांत पैशाच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. एम.एस.चा खर्च बहुधा स्वतःच उचलावा लागतो. अमेरिकेतल्या जीवशास्त्राच्या पीएच.डी.ला मात्र सहसा शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळतं. प्रवेश अर्थातच कठीण. संशोधनाचीच ओढ असेल, तर आधी इथं विद्यावेतनावर पदव्युत्तर पदवी घेऊन मग परदेशी पीएच.डी.चा प्रयत्न करणं घराच्या खिशाला परवडतं.

मदतीची काही दारं जरूर ठोठवावीत. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती परदेशी उच्च शिक्षणासाठी मिळते. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. मात्र जागतिक क्रमवारीत वरच्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला असावा, ही तिची अट असते. नेमक्या नावाची पदवी देणारं छोटं विद्यापीठ त्या यादीत बसेलच असं नाही. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. शिष्यवृत्तीच्या अटी आधी आणि विद्यापीठाची निवड नंतर, असा क्रम ठेवला तर पस्तावण्याची वेळ येत नाही.

नोकरी कुठे मिळते?

इथं आईवडिलांनी मन घट्ट करून खरं चित्र पाहायला हवं. ‘फार्माकोजिनॉमिक्स तज्ज्ञ पाहिजे’ अशा जाहिराती आपल्या वर्तमानपत्रांत रोज येत नाहीत. रुग्णालयांत या नावाची पदं थोडीच आहेत. नोकऱ्या आहेत त्या आसपासच्या कामांत: जनुकीय तपासणीच्या प्रयोगशाळांत अहवाल लिहिणं, औषध कंपन्यांत कोणत्या रुग्णांना नवं औषध लागू पडेल याचा अभ्यास, औषधचाचण्यांचं काम, आणि दुष्परिणामांची नोंद व छाननी.

शेवटच्या कामाचा पाया देशात बराच विस्तारला आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाचं समन्वय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे, आणि देशभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत दुष्परिणाम नोंदवणारी केंद्रं चालतात. कुठल्या औषधानं कुणाला त्रास झाला, हे तिथं कळतं. का झाला, हे शोधणारी माणसं अजून कमी आहेत. फक्त पगाराकडे पाहून येणाऱ्यांना दुसऱ्या शाखा अधिक लवकर फळ देतील. चार-पाच वर्षं एका प्रश्नाच्या मागे लागण्याची चिकाटी असलेल्यांसाठी हे क्षेत्र मोकळं आहे.

पदवी कपाटात ठेवलेल्या गृहिणींसाठी

लग्नाआधी बी.फार्म. किंवा एम.एस्सी. केलेल्या आणि मग मुलाबाळांत अडकलेल्या कितीतरी स्त्रिया या क्षेत्रात परत येऊ शकतात. जीपॅटला वयाची अट नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘वाइज-पीएच.डी.’ ही फेलोशिप स्त्रियांसाठीच आहे. जनुकमाहितीच्या विश्लेषणाचा मोठा भाग संगणकावर होतो, त्यामुळे दिवसभर प्रयोगशाळेत उभं राहण्याची गरज प्रत्येक कामात नसते. मुलं शाळेत गेल्यानंतरचे तीन तास संख्याशास्त्राला दिले, तर वर्षभरात परीक्षेला बसण्याइतकी तयारी होऊ शकते. सासरच्या मंडळींनी त्या तीन तासांत हाका मारू नयेत, एवढीच अपेक्षा!

संस्थेची पारख

चकचकीत माहितीपत्रक हाती आलं, की प्रवेशशुल्क भरण्याआधी पाच प्रश्न विचारावेत. पदवीला यूजीसीची, आणि फार्मसीची असेल तर फार्मसी कौन्सिलची मान्यता आहे का? जनुकतपासणी संस्थेत होते, की नमुने बाहेर पाठवतात? संस्थेचा एखाद्या रुग्णालयाशी प्रत्यक्ष संबंध आहे का? या विषयावर गेल्या पाच वर्षांत तिथल्या प्राध्यापकांचे शोधनिबंध निघाले का? आणि मागच्या दोन तुकड्यांतले विद्यार्थी आज काय करतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कार्यालयाकडून घेण्यापेक्षा त्या विद्यार्थ्यांना गाठून विचारलेलं चांगलं.

थोड्या महिन्यांची प्रमाणपत्रं सरसकट टाकाऊ नसतात. नोकरीत असलेल्या फार्मासिस्टला किंवा डॉक्टरला त्यांतून विषयाची ओळख होते. मात्र त्यांवर पीएच.डी.ला प्रवेश मिळत नाही, आणि पदवीच्या शुल्काइतके पैसे त्यांसाठी मोजण्यात शहाणपण नाही.

परीक्षांचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षाचं अधिकृत माहितीपत्रक स्वतः वाचावं. क्लासवाल्याच्या तोंडी माहितीवर विसंबू नये. जीपॅट, गॅट-बी, जॅम आणि नेट यांच्या तारखांचा एक कागद घरातल्या कॅलेंडरशेजारी लावून ठेवला, तर अर्जाची मुदत चुकत नाही. आणि अर्ज भरण्यापूर्वी एखादा दिवस जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या दुष्परिणाम नोंदणी केंद्रात काढावा. तिथल्या नोंदी चाळून ‘असं का झालं असेल?’ हा प्रश्न घरी आल्यावरही मनात घोळत राहिला, तर या विद्येला अर्ज करायला हरकत नाही.